अंथरूण पाहून गाडी

मुक्कामाची सोय असलेली फोर बाय फोर गाडी घ्यावी, लडाख-स्पिती पालथे घालावे आणि मग सीमा ओलांडून परदेशात जावे, हे स्वप्न हल्ली आपल्या वसतिगृहातही ऐकू येते आणि सुटीत घरी गेल्यावरही. सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले कितीतरी पालक अशा गाडीचा विचार करत असतात. स्वप्न चांगलेच आहे. पण त्यात निवृत्तीच्या रकमेतला मोठा वाटा जातो, आणि निवड चुकली तर तीच गाडी घरच्या माणसांना अशा जागी नेऊन अडकवते, जिथे मदत दोन दिवसांवर असते.

माझे मत असे की, अशी गाडी निवडताना आपण प्रश्न उलट्या क्रमाने विचारतो. पलंग किती मोठा, फ्रीज आहे का, न्हाणीघर आहे का, हे आधी. गाडी रुतली तर कोण काढेल, मोडली तर कोण दुरुस्त करेल, जहाजात चढेल का, हे सर्वांत शेवटी. हा क्रम बदलला की निवडही बदलते, आणि बहुतेक वेळा गाडी लहान होते.

आधी फोर बाय फोर म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडी निसरड्या चढावर पुढे सरकते. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे बर्फाळ उतारावर थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोर गाडी साध्या गाडीपेक्षा काडीचीही सरस नसते. वजनदार असल्याने वळणावर तिला आवरणे उलट कठीण. खरा उपयोग होतो तो लो रेंजचा. तिच्यामुळे चाके दोन-अडीच पट हळू फिरतात, ओढ तितकीच वाढते, आणि तीव्र उतारावर ब्रेक न तापवता इंजिनाच्या आधारे खाली येता येते. त्यापुढची पायरी डिफरन्शियल लॉकची. एक चाक हवेत लटकले तर साध्या गाडीत तेच गरगर फिरत राहते आणि जमिनीवरचे चाक गप्प बसते. लॉक लावला की दोन्ही चाके एकत्र फिरतात. पाठीवर फोर बाय फोरची पट्टी आहे, पण लो रेंज नाही, अशा गाडीला ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ एवढेच म्हणता येईल.

दुसरा मुद्दा वजनाचा. कागद-पेन्सिल घेऊन दोन माणसांच्या प्रवासाचा हिशेब मांडून पाहा. माणसे १५० किलो. पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. जादा डिझेलचे दोन कॅन ३४ किलो. टपावरचा तंबू ५५, दुसरी स्टेपनी ३५, जादा बॅटरी ३०, फ्रीज २०, हत्यारे, जॅक आणि दोर २५, शेगडी आणि गॅस १०, अंथरूण-पांघरूण आणि कपडे ४०, शिधा ३०. बेरीज ५०० किलोंच्या वर जाते, आणि अजून लाकडी कपाटाची एक फळीही बसवलेली नाही. उत्पादकाने ठरवलेल्या कमाल भारातून गाडीचे रिकामे वजन वजा करा. जे उरते, त्यात हे सगळे बसले पाहिजे. बसत नसेल तर पाटे मोडतात, टायर फुटतात, उतारावर ब्रेक दगा देतात. आपल्याकडे एक म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. इथे तर अंथरूणही गाडीतच घालायचे आहे.

मग घ्यायचे काय? आपल्याकडे तयार मिळणाऱ्या बहुतेक कॅम्पर व्हॅन मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि त्यांची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. महामार्गासाठी त्या उत्तम, नदीच्या पात्रासाठी नाहीत. युरोपात फोक्सवॅगनची सिंक्रो नावाची व्हॅन होती. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे, सैन्यासाठी पिंझगाउअर बनवणाऱ्या श्टायर कारखान्यात, ती १९९२ पर्यंत तयार होत असे. झोपायची सोय, चारही चाकांना ताकद आणि खास मंद चालीचा गिअर, असे सगळे तिच्यात होते. पण हौस म्हणून जुनी सिंक्रो घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. तिच्यातली पुढच्या चाकांना ताकद देणारी कपलिंग बिघडली, तर ती रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातची राहत नाही. म्हणून भारतातून निघणाऱ्याने उंच चासीची जीप किंवा पिकअप घ्यावी आणि तिच्यावर निवारा उभा करावा, असे मला वाटते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला लो रेंज आणि पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक कारखान्यातूनच मिळतात. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स या फोर बाय फोर पिकअप आहेत. त्यांच्या हौद्यावर झोपायची पेटी बसवता येते. हायलक्सचे सुटे भाग आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंत मिळतात. पण देशादेशांत इंजिने वेगळी असतात, म्हणून आपले इंजिन त्या वाटेवरच्या देशांत विकले जाते का, ते निघण्याआधी पाहावे.

नवे तेवढे चांगले, हा समजही तपासून घ्यावा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ मानक लागू आहे. या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० असते. पण जगात अजून असे देश आहेत, जिथल्या डिझेलमध्ये हेच प्रमाण शेकड्यांत, कुठे हजारांत असते. ते पोटात गेले की नव्या गाडीची धूर गाळणारी यंत्रणा बिघडते आणि संगणक इंजिनाची ताकद कापून टाकतो. काही डिझेल गाड्यांना लागणारे डीईएफ द्रावण उणे ११ अंशांना गोठते. लडाखच्या हिवाळ्यात साधे डिझेलही घट्ट होते. म्हणूनच २०१९ साली इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले. तेव्हा ज्या देशांतून जायचे, तिथले इंधन आपल्या इंजिनाला चालेल का, हा प्रश्न पलंगाच्या रुंदीआधीचा आहे.

परदेशाचा विचार करताना जहाज विसरून चालत नाही. जमिनीवरून पश्चिमेकडे जाण्याची वाट आज आपल्याला खुली नाही. आखात, आफ्रिका किंवा युरोप गाठायचा तर गाडी बंदरातून पाठवावी लागते. साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते, उंच प्रकारच्या कंटेनरची २.५८ मीटर. गुरखा साधारण २.१ मीटर उंच आहे, म्हणजे मावते. टपावर जाळी आणि तंबू चढवला की मावत नाही. त्यामुळे तंबू सुटा करून आत ठेवता आला पाहिजे. कंटेनरमध्ये न मावणारी उंच व्हॅन थेट जहाजात चालवत नेतात. तेव्हा किल्ली परक्या हाती असते आणि आतले सामान कुलपाच्या भरवशावर. शिवाय कार्ने नावाचा दस्तऐवज लागतो. ‘ही गाडी आम्ही इथे विकणार नाही, परत नेऊ’ अशी ती त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याला दिलेली हमी असते आणि त्यासाठी मोठी अनामत ठेवावी लागते. गाडी जितकी महाग, तितकी ती रक्कम साधारणपणे वाढते. नोंदणीपुस्तकात नसलेले फेरफार गाडीत असतील, तर अडचण आपल्या आरटीओपासूनच सुरू होते.

इतिहासही लहान गाडीच्या बाजूने बोलतो. १९५५-५६ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या सहा विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर गाड्यांतून लंडन ते सिंगापूर हा प्रवास जमिनीवरून पूर्ण केला. वाटेत आपला देश लागला, आसामातून पुढे ब्रह्मदेश लागला. त्या गाड्यांत न्हाणीघर नव्हते. दोन गाड्या मात्र होत्या. एक रुतली तर दुसरीने ओढायची. आपल्या सैन्यातली जिप्सी पाहा. रिकामे वजन जेमतेम टनभर, लो रेंज आहे, आणि चिखलात फसली तर चार-सहा जवान ती ढकलून बाहेर काढतात. नागरी ग्राहकांसाठी ती बंद झाल्यावरही सैन्याने ती मागवली, ती काही आरामासाठी नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घरात वयस्कर आई-वडील असतात, लहान मुले असतात. त्यांनी टपावर शिडीने चढायचे का? मुळीच नाही. त्यांच्यासाठी मोठी, साधी कॅम्पर व्हॅन घ्यावी आणि डांबरी रस्त्याने सुखाने देश पाहावा. एकाच गाडीकडून बंगल्याचे सुख आणि जीपची चाल मागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. दोन्ही मागितली की बहुधा दोन्ही हातची जातात.

गाडी ठरवण्याआधी भाड्याची घेऊन आठ दिवस स्पितीत राहून पाहा. त्यानंतर नेपाळ, तिथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात आणि सीमेवर भन्सार भरून आपली गाडी नेता येते. या दोन फेऱ्यांत कळेल की आपल्याला खरोखर काय लागते. विक्रेत्याकडे गेल्यावर तीन गोष्टी विचारा: भरल्या गाडीचे कमाल वजन किती, हिचा क्लच काझामध्ये कोण बदलून देईल, आणि हिची एकूण उंची किती.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? गाडी घ्यायला अजून पुष्कळ वर्षे आहेत, हात काळे करायला आजही हरकत नाही. चाक बदलणे, वाळूत टायरचा दाब ३०-३५ पौंडांवरून १८-२० पर्यंत उतरवणे, दोर कुठल्या हुकाला बांधावा आणि ओढताना माणसांनी किती दूर उभे राहावे, या गोष्टी शाळेच्या वाहन विभागात रविवारच्या दोन तासांत शिकता येतील. छंदवर्गांच्या यादीत यंदा हा एक वर्ग वाढवावा, अशी माझी सूचना आहे.