ढोरांच्या डॉक्टरांची सुट्टी

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांची यादी छापण्याची प्रथा आहे. अभियंते किती, वकील किती, शासकीय सेवेत किती, असा हिशेब आपण अभिमानाने मांडतो, आणि तो मांडावाही. ज्यांच्या आजोबांना शाळेचा ओटा चढू दिला नव्हता, त्यांच्या नातवंडांची ती यादी आहे. यंदा ती चाळताना आम्ही एका नावाशी थबकलो. पशुवैद्यक या शब्दाचा उल्लेख संपूर्ण यादीत एकदाच आला आहे, आणि ज्या मुलीच्या नावापुढे तो आहे ती अद्याप शिकतेच आहे. आपली मुले ज्या पट्ट्यातून येतात त्या चाकणला दर शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. खेड, मावळातील घाटांत बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी माणसे लोटतात. भाद्रपदी पोळ्याला कारखान्यांच्या भिंतींना खेटून बैलांच्या मिरवणुका निघतात. एवढी जनावरे भोवती असताना त्यांच्या वैद्यकाकडे आपली मुले वळत नाहीत, याला इतिहास आहे. आणि थोडा दोष आमचाही आहे.

दोष आधी सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी जीवशास्त्रात उत्तम गती असलेला एक विद्यार्थी आमच्याकडे आला. वसतिगृहाच्या आवारातील कुत्र्याच्या पिल्लाचा मोडलेला पाय त्याने बांबूच्या कामट्या बांधून सरळ केला होता. बारावीनंतर पशुवैद्यक महाविद्यालयात जावे का, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, “अरे, बाबासाहेबांनी ढोरं ओढणं सोडायला लावलं, आणि तू शिकून सवरून पुन्हा ढोरांकडंच जाणार का?” खोलीतली मुले हसली. तोही हसला आणि निघून गेला. पुढे त्याने अभियांत्रिकीची पदविका घेतली. आज तो चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. ठेका बदलला की नोकरी बदलते. पशुवैद्य झाला असता तर तो सुखी झाला असता, असा आमचा दावा नाही. परंतु तो प्रश्न त्याचा होता, आणि आम्ही तो बाबासाहेबांचे नाव घेऊन एका वाक्यात मारला. इतिहासाच्या शिक्षकाने तरी असे करावयास नको होते.

कारण महाडला काय सोडले गेले, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत मृत जनावरे ओढण्याचे आणि मेलेल्याचे मांस खाण्याचे काम टाकून देण्याची हाक दिली गेली. ते काम गावगाड्याने लादलेले होते. नकार दिला तर मार होता, बहिष्कार होता. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. टाकून द्यायची होती ती सक्ती आणि तिच्यासोबत आलेली विटंबना. जनावराच्या शरीराचे शास्त्र आपण टाकून दिलेले नाही. ते आपल्याला कोणी दिलेच नव्हते. वास्तविक ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या जनावरे सोलली त्या हातांना प्लीहा कुठे असते आणि ती सुजलेली कशी लागते, हे स्पर्शाने ठाऊक असणार. फाशी या रोगाने, म्हणजे ज्याला इंग्रजीत अँथ्रॅक्स म्हणतात त्याने, दगावलेल्या जनावराची प्लीहा फुगते, नाकागुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येते, आणि असे शव उघडायचेच नसते, हे आज पशुवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. आपल्या पूर्वजांना ते सांगायला कोणी नव्हते. त्यांनी ती शवे उघडली.

हे शास्त्र दूर कुठे परदेशी घडत होते, असेही नाही. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच सुरू झाली आणि काही वर्षांनी हिमालयातील मुक्तेश्वरला हलली. बुळकांडीने गावेच्या गावे ओस पाडली, तो रोग जगातून संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. आपल्या सांगवीच्या पलीकडे, औंधला, राज्याची जनावरांच्या लशी तयार करणारी संस्था आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलीन बनू लागले. तेच औषध माणसाला आणि तेच बैलाला. म्हणजे हे सगळे आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेले होते. आपण दार लावून बसलो होतो.

आता त्या मुलीविषयी. ती सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात आहे. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची आंतरवासिता, असा हा प्रवास आहे. पहिल्या वर्षी पलंगाखाली हाडांची पेटी आणि अंगाला फॉर्मॅलिनचा वास. तोंडी परीक्षेत टेबलावर ठेवलेले हाड गायीचे की घोड्याचे, डाव्या पायाचे की उजव्या, हे उभ्या उभ्या सांगायचे, आणि तेही इंग्रजीत. मराठी माध्यमातून गेलेल्या आपल्या मुलीला रवंथ कळत होते, चार पोटे कळत होती, पण तोंडातून शब्द फुटेना. तिने वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून एका बाजूला कोटीपोट, दुसऱ्या बाजूला रुमेन, अशी शब्दांची जोडी लावली. ती वही आम्ही पाहिली आहे. तिच्यात लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या, तिवा, पोटफुगी ही आपल्या आयाबायांच्या तोंडची नावे पाठ्यपुस्तकातील नावांशेजारी मांडीला मांडी लावून बसलेली आहेत.

परीक्षेचे दिवस इतर विद्यार्थ्यांसारखेच, पण एक फरक आहे. गाभण म्हशीला वेळापत्रक दाखवता येत नाही. एका लेखी परीक्षेच्या आदल्या रात्री महाविद्यालयाच्या चिकित्सालयात अडलेली म्हैस आली. वरच्या वर्गातील मुलांसोबत हीही गेली. वासराची मान मागे वळलेली होती. खांद्यापर्यंत हात आत घालून ती सरळ करावी लागली. पहाटे वासरू बाहेर आले. सकाळी हिने पेपर दिला. “पेपर साधारण गेला सर, पण वासरू उभं राहिलं,” असे ती म्हणाली. त्या पेपरात ती उत्तीर्ण झाली, एवढे पालकांच्या समाधानासाठी नोंदवतो.

सुट्टी मात्र तिला परीक्षेपेक्षा अवघड जाते. शिरवळहून एस.टी.ने स्वारगेट, तिथून भोसरी, मग चाकण. घर म्हणजे म्हाळुंगेच्या बाजूला भाड्याची एक खोली. वडील मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडे; आठवडाभर रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात आणि खोलीत दिवा लागत नाही. आई बाजार समितीच्या आवारात कांदा निवडायला जाते. धाकटा भाऊ, म्हातारी आजी. रात्री वडील कामावर गेले की जागा होते, पण आजीला उजेडात झोप येत नाही. पुस्तक उघडायचे केव्हा, हा प्रश्न तिने आमच्यापुढे तक्रार म्हणून मांडला नाही, सहज सांगितला.

शिवाय वस्तीतले लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागले आहेत. कोणी शेळी आणतो, कोणी कोंबड्या. ती प्रत्येकाला सांगते की, नोंदणी झाल्याशिवाय उपचार करण्याचा अधिकार कायद्याने तिला नाही. १९८४ चा केंद्रीय कायदा तसा आहे. लोक रागावतात. मग शिकतेस कशाला, असे विचारतात. ती लक्षणे कागदावर लिहून देते आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवते. शनिवारी बाजारात जाऊन व्यापाऱ्यांचे बोलणे ऐकते. व्यापारी बैलाचा ओठ उचलून आदत, दुसा, चौसा म्हणतो, तेव्हा पुस्तकातला दंतसूत्राचा धडा तिच्या डोळ्यांपुढे येतो. तिच्या मते त्या बाजारात काही मंडळी अशी आहेत की, त्यांना परीक्षक नेमावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक गोष्ट घडली. शेजारच्या गोठ्यातील गाय चार दिवस चरेना. गळ्याखालची पोळी सुजलेली, पुढचे कोपर बाहेर काढून उभी, उतारावर पाय टाकायला तयार नाही. मुलीने पाहताच तार किंवा खिळा असावा, असे सांगितले. जनावर चारा ओठाने निवडून घेत नाही; जिभेने गुंडाळून गिळते. कारखान्यांच्या कडेच्या पडीक जमिनीवर तारांचे तुकडे, खिळे, वेल्डिंगच्या काड्या पडलेल्या असतात. गिळलेला धातू दुसऱ्या पोटात, जाळीत, जाऊन बसतो. जाळी आणि हृदय यांच्यामध्ये फक्त पडदा आहे. पोट आकसताना तार पुढे सरकते आणि हृदयाच्या आवरणात घुसते. वेळेवर कळले तर शस्त्रक्रिया होते. काही ठिकाणी जनावराला लोहचुंबक गिळवून ठेवतात. इथे वेळ निघून गेली होती. तिसऱ्या दिवशी गाय गेली.

मालक संध्याकाळी यांच्या दारात आला. वाईट माणूस नव्हता, असे मुलगी म्हणते. त्याने तिच्या वडिलांना विचारले, “तुमच्यात कुणी असंल का, वढून न्यायला?”

खोलीत कोणी बोलेना. मग मुलगी उठली. “ओढून न्यायला आमच्यात कुणी नाही, काका. कशानं मेली ते बघायचं असलं तर सरकारी डॉक्टरांना सांगा. ते आले तर मी मदतीला येते.”

सकाळी पशुधन विकास अधिकारी आले. शवविच्छेदन झाले. मुलीने हातमोजे चढवून जाळी धरली, आणि तिच्यातून बोटभर लांबीची, एका टोकाला गंजलेली तार निघाली. जेसीबीने खड्डा खणून गाय पुरली. त्या दिवसापासून मालक रोज चरणीची जागा झाडून घेतो. घरी आल्यावर आजीने नातीला विचारले ते एवढेच, “हातमोजे व्हते ना गं?” आजीने स्वतः लहानपणी काय पाहिले, हे तिने कधी सांगितलेले नाही. आम्हीही विचारले नाही.

त्याच आठवड्यात ती पिशवी घेऊन शाळेत आली. “जय भीम सर, अभ्यासिकेत चार दिवस बसू का?” सुट्टीमुळे वसतिगृह बंद, अभ्यासिकेला कुलूप, आवारात एकटा पहारेकरी. माजी विद्यार्थ्यांना सुट्टीत प्रवेश नाही, असा आपला नियम आहे आणि तो आपणच केलेला आहे. आम्ही तिला विहाराच्या पडवीत बसवले. ती आठ दिवस येत राहिली. संध्याकाळी डास वाढले की उठून जाई.

आपण दर १४ एप्रिलला मुलांना परळच्या डबक चाळीतील खोलीची गोष्ट सांगतो. एकाच खोलीत सगळे कुटुंब, उशाशी जाते, पायाशी शेळी. रामजीबाबा मुलाला पहाटे दोनला उठवत, कारण तेवढीच वेळ शांत होती. गोष्ट सांगताना आमचा आवाज भरून येतो. मात्र चाकणच्या खोलीतली मुलगी दारात आली तेव्हा आमच्या हातात कुलपाची किल्ली होती.

म्हणून एक सूचना या स्मरणिकेद्वारे संस्थेपुढे ठेवतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यासिका आणि तिच्या शेजारच्या दोन खोल्या उच्च शिक्षण घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी उघड्या ठेवाव्यात. त्यांतली एक मुलींसाठी असावी. जबाबदारी कोणाची, हा आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. मुलींच्या मुक्कामासाठी एखाद्या शिक्षिकेची किंवा सेविकेची सोय करावी लागेल, पहारेकऱ्याला जादा वेतन द्यावे लागेल, विजेचे बिल वाढेल. पहिल्या सुट्टीत रात्रीच्या देखरेखीला आम्ही स्वतः राहू. स्मरणिकेला ज्या माजी विद्यार्थ्यांनी जाहिराती दिल्या, त्यांच्याकडे या खर्चासाठी आम्ही जाणार आहोत. त्यांनी दार उघडावे. नववी-दहावीच्या वर्गांना एका शनिवारी एखाद्या पशुवैद्यासोबत बाजारात न्यावे, हेही सुचवतो. नीट परीक्षेतून केवळ एमबीबीएसचीच नव्हे तर पशुवैद्यकाचीही वाट निघते, हे आपल्या बऱ्याच मुलांना बारावी संपेपर्यंत कळत नाही. आमच्याकडून तरी पुन्हा कोणी हसण्यावारी नेला जाणार नाही.

पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या विद्यार्थ्याची गेल्या महिन्यात मोशीच्या थांब्यावर भेट झाली. आम्ही त्याला जुना प्रसंग सांगून क्षमा मागितली. त्याला तो आठवत नव्हता, किंवा तसे त्याने दाखवले. पिल्लाचा पाय मात्र आठवत होता.

मुलीचे परवाच पत्र आले आहे. अभ्यासिका उघडली तर तिच्या महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या एका मुलीला ती सोबत आणू इच्छिते. त्या मुलीजवळ हाडांची पेटी आहे; ती शाळेत आणलेली चालेल का, असे विचारले आहे. आम्ही चालेल म्हणून कळवले आहे.