पाय कोणी कोणाचे धुवायचे?

ख्रिस्ती धर्मातला सेवेचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो आला आहे. दर पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांसमोर गुडघे टेकतो, त्यांचे पाय धुतो, पुसतो. मग प्रवचन होते की नम्र व्हा, एकमेकांची सेवा करा. माझे भांडण त्या प्रसंगाशी नाही, या प्रवचनाशी आहे. भारतात ते ज्यांच्या कानावर पडते त्यांतला फार मोठा भाग दलित आहे, आणि सेवा तर ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

मूळ प्रसंग नीट वाचा. त्या काळी त्या मुलखात पाहुण्याचे धुळीने माखलेले पाय धुणे हे गुलामाचे काम होते. शिष्य ज्याला गुरू आणि प्रभू म्हणतात तोच जेवणावरून उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गुलामाच्या जागी जाऊन बसतो. पेत्र हादरतो, नको म्हणतो, कारण उतरंड उलटी होते आहे हे त्याला बरोबर कळले आहे. येशूही आपले गुरुपण नाकारत नाही. मी गुरू असून हे केले, म्हणून तुम्हीही करा, असा त्याचा रोख आहे. म्हणजे ही आज्ञा वर बसलेल्यांसाठी आहे. त्या रात्री एखाद्या गुलामाने पाय धुतले असते तर ते कोणी लिहूनही ठेवले नसते. तो रोजच धुवायचा.

आपल्याकडे सेवेची आज्ञा मिशनरी येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली होती. मनुस्मृतीचा पहिला अध्याय शूद्राला एकच काम नेमून देतो: तिन्ही वर्णांची सेवा, आणि तीही मनात असूया न आणता. काम तर करायचेच, वर मनावरही पहारा. (बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला हा ग्रंथ जळाला तो दिवस २५ डिसेंबर १९२७, म्हणजे नाताळचा. योगायोगच, पण मला तो आवडतो.) या जमिनीवर ‘नम्रपणे सेवा करा’ हे वाक्य बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थच लागत नाही.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात आया होती. बेडपॅन, रक्ताच्या चादरी, बाळंतिणींचे कपडे. पाय धुवायच्या बारा जणांत तिला कधी बसवले नाही, कारण तेव्हा नियमच पुरुषांपुरता होता. तो पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये बदलला. नोकरीत कायम करा म्हणून तिने अर्ज दिला की उत्तर यायचे, ‘बाई, ही नोकरी नाही, ही सेवा आहे.’ डॉक्टरांना आणि व्यवस्थापकांना मात्र तीच सेवा नियमित पगारावर करता येत होती.

उपकार नाकारायचे नाहीत. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि आपल्यातल्या अनेकांच्या घरात पहिले अक्षर मिशनच्याच दारातून आले. पण तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंतही ख्रिस्ती माणसांनीच बांधली. विळुप्पुरम जिल्ह्यातल्या एरैयूरमध्ये दलित कॅथलिकांनी अपमानाला कंटाळून वेगळे चर्च मागितले, तेव्हा मार्च २००८ मध्ये वन्नियार ख्रिस्ती जमाव त्यांच्या वस्तीवर चालून गेला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. तिथल्या चर्चमध्येही गुरुवारी पाय धुतले जात असणारच.

हे नाटक फक्त चर्चमध्ये होते असेही नाही. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रयागराजच्या कुंभात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले, कॅमेऱ्यांसमोर. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, आणि गटारांत, सेप्टिक टाक्यांत माणसे अजून गुदमरून मरतात. पाय स्वच्छ झाले, झाडू त्याच हातात राहिला. गांधींनी भंगीकामाला थोर सेवा म्हटले होते. त्यावर १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न साधा होता: काम इतके थोर असेल तर त्याचे कौतुक फक्त अस्पृश्यालाच का ऐकवता? त्यांनी याला क्रूर थट्टा म्हटले. मला याहून नेमका शब्द सापडत नाही.

इथे आपल्याच एका माणसाशी वाद घालावा लागतो. अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात ख्रिस्ती धर्मचिंतनाला दलित चेहरा दिला. त्यांचा देव सेवक देव आहे, धोब्याचे, भंग्याचे काम करणारा. ज्यांना देवळाबाहेर ठेवले त्यांना देव आपल्यासारखा दिसणे ही लहान गोष्ट नाही, तिचा आदर आहे. पण देवच झाडू मारतो म्हटल्यावर झाडू खाली ठेवायची घाई कोणाला राहील? निर्मळांना हे अभिप्रेत नव्हते. व्यवस्थेला मात्र एवढेच ऐकू येते.

आता सूसाई खटला बघा. सूसाई मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचे. जात आदि-द्रविड, धर्म ख्रिस्ती. सरकारने रस्त्यावरच्या अनुसूचित जातीच्या चर्मकारांना मोफत टपऱ्या दिल्या, त्यांना मिळाली नाही. आडवा आला १९५० च्या राष्ट्रपती आदेशाचा तिसरा परिच्छेद. त्यात शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच. धर्मांतरानंतरही जातीचे चटके तितकेच बसतात याचा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणून १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूसाईंना परत पाठवले. आयुष्यभर लोकांच्या पायांशी बसलेल्या माणसाला!

हा परिच्छेद हटवा म्हणून चर्चचे नेते दिल्लीत मोर्चे काढतात. मागणी शंभर टक्के बरोबर आहे, रंगनाथ मिश्रा आयोगानेही २००७ मध्ये तीच शिफारस केली. पण सरकारला सांगायचे की आमच्यात जात आहे, आणि रविवारी आम्हाला सांगायचे की ख्रिस्तात जात नसते, हे दोन्ही एका तोंडाने कसे जमते? २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीच्या धोरणात चर्चमधला जातिभेद लेखी मान्य केला. पहिला दलित कार्डिनल व्हायला मात्र २०२२ साल उजाडले.

मित्रांनो, घरातले पहिले पदवीधर म्हणून आपल्यालाही हेच प्रवचन वेगळ्या शब्दांत ऐकवले जाते. मुलाखतीत प्रश्न विचारला की ‘ॲटिट्यूड’ आहे म्हणतात. सेवाभावी संस्था एम.ए. झालेल्या मुलीला मानधनावर राबवते आणि वर समर्पणाचे धडे देते. वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, जात पडताळणीसाठी कोणाबरोबर दिवसभर कचेरीत बसणे हे आपण करतोच, करत राहू. ते आपल्या माणसांचे देणे आहे. वरच्यांपुढे मान खाली घालण्याशी त्याचा संबंध नाही.

मिशन कॉलेजांच्या नियामक मंडळांची नावे त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. ती वाचा. मग त्याच आवारात सकाळी सहाला झाडू कोणाच्या हातात असतो, तो कायम आहे की कंत्राटी, आणि त्याची मुलगी त्या कॉलेजात शिकते का, हे विचारून या. पुढच्या पवित्र गुरुवारी गंगाळ कोणापुढे ठेवायचे ते त्यानंतर ठरवू.