दीड तासाचे अंतर

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सातशे किलोमीटरहून थोडे कमीच, आणि विमानाला लागणारा वेळ दीड तास. चर्चासत्राचे निमंत्रण देण्यासाठी आम्ही मुंबईच्या मान्यवरांना दूरध्वनी करतो तेव्हा हा दीड तास आम्हांला हमखास ऐकवला जातो. पाठोपाठ पुढचे वाक्य येते : "सकाळी येतो, संध्याकाळच्या विमानाने परततो." भंडाऱ्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना या वाक्याची आता धास्तीच वाटू लागली आहे.

दीड तास हा आकाशातला हिशेब. विमानतळावर आधी पोहोचणे, सोनेगावहून भंडाऱ्यापर्यंतचा सत्तरेक किलोमीटरचा रस्ता, आणि संध्याकाळी हेच उलट दिशेने. एवढे वजा जाता आमच्या वाट्याला दोन-तीन तास उरतात. त्यातही शाल-श्रीफळ असतेच! वैनगंगा गावाच्या पूर्वेला आणि पाहुणे येतात पश्चिमेकडून. त्यामुळे तिचे साधे दर्शनही त्यांना होत नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरी परतत. आमच्या चर्चासत्रांचे स्वरूप याहून फारसे निराळे राहिलेले नाही.

विदर्भ एक्स्प्रेसने येणारा पाहुणा वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर, सकाळी उतरतो. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला त्याच दिवशी परतीची गाडी धरणे जिवावर येते. साहजिकच मुक्काम होतो. आमच्या अनुभवाने सांगतो, व्याख्यानापेक्षा हा मुक्कामच विद्यार्थ्यांच्या अधिक उपयोगी पडतो. सभागृहात तोंड न उघडणारी मुले रात्रीच्या जेवणानंतर वाद घालू लागतात. कुणी दबकत आपली कविता काढतो. दिवाळीनंतरचे दिवस असतील तर जवळच्या गावच्या मंडईत पाहुण्यांना दंडार दाखवता येते. झाडीबोलीविषयी लिहिणाऱ्याने ती एकदा तरी अशी, माईकवाचून, ऐकलेली असावी ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

'लीळाचरित्र' आम्ही अभ्यासक्रमात शिकवतो. चक्रधर भंडाऱ्यास आले ते पायी, आणि येथील नीळभट्ट भांडारेकार त्यांच्यामागे निघाले ते त्यांच्या सहवासासाठी. आजच्या पाहुण्यांनी पायी यावे असे आम्ही अर्थातच म्हणणार नाही. पण विमानाने वाचवलेला वेळ नेमका कुणाच्या पदरात पडतो, हे विचारायला हवे. तो आम्हांला मिळाला असता तर तक्रार नव्हती.

आणि हा दीड तास आमच्या विद्यार्थ्यांना लागूच नाही. त्यांच्यासाठी मुंबई रेल्वेने सुमारे नऊशे किलोमीटर आहे : दुपारी निघावे, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचावे. एम. ए. होऊनही मुंबई न पाहिलेले विद्यार्थी आमच्या माहितीत कितीतरी आहेत. एका पाहुण्याच्या जाण्यायेण्याच्या विमानभाड्यात पाच-सहा जण शयनयान डब्यातून मुंबईला जाऊन येऊ शकतात. एखादे वर्ष चर्चासत्र न घेता तो पैसा असा खर्च करावा आणि १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मुलांना चार दिवस बसू द्यावे, असे आमचे मत आहे. ज्यांना दूरध्वनी करतो, त्यांच्याच घरी जाऊन मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. तेव्हा परतीच्या विमानाची घाई तरी कुणाला नसेल.