नियमात बसतं, पण शोभतं का?

गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकायचा सोडून मध्येच थांबतो आणि आपल्याच बाजूच्या बेल्स उडवतो. चेंडू हातातून सुटायच्या आधीच धावेसाठी सरसावलेला पलीकडचा फलंदाज क्रीझबाहेर सापडतो. पंचांचं बोट वर जातं... आणि टीव्हीसमोर बसलेल्या घरात लगेच दोन पक्ष पडतात. 'नियमात आहे ना? मग आऊट!' हा एक पक्ष. 'असेल हो नियमात, पण याला काय खेळणं म्हणायचं?' हा दुसरा.

हे भांडण पाऊणशे वर्षांहून जुनं आहे. स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदाच परदेश दौऱ्यावर, ऑस्ट्रेलियात गेला होता. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत विनू मांकड यांनी बिल ब्राऊनला अशाच पद्धतीनं धावबाद केलं. याच दौऱ्यात, याच मैदानावर, आधीच्या एका सामन्यात विनूभाईंनी ब्राऊनला आधी ताकीद दिली होती. तरी तो पुढे सरकला तेव्हा बाद केलं होतं. म्हणजे कसोटीतली ही दुसरी खेप! तिथल्या वृत्तपत्रांत बरंच काहूर माजलं. पण ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन मात्र विनूभाईंच्या बाजूनं उभे राहिले. मांकडचं काही चुकलं नाही, फलंदाजानं क्रीझमध्येच थांबायला हवं, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रातही लिहिलं.

तरीही नाव चिकटलं ते विनूभाईंचंच. अशा धावबादला 'मांकडिंग' म्हणायची जगभर रीत पडली. १९५२ साली लॉर्ड्सवर एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा काढून पाच बळीही घेणारा, १९५६ साली मद्रासला पंकज रॉयबरोबर ४१३ धावांची सलामी देणारा हा खेळाडू. त्या भागीदारीचा विक्रम ५२ वर्षं टिकला. पण परदेशात अनेकांना त्याचं नाव ठाऊक झालं ते जणू एखाद्या लबाडीचं नाव म्हणून! पुढे सरकला होता ब्राऊन आणि बदनाम झाले मांकड. सुनील गावसकरांनी या शब्दाला जाहीर आक्षेप घेतला, तो उगीच नव्हे.

२४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर हेच पुन्हा घडलं. झुलन गोस्वामीचा तो निरोपाचा सामना. इंग्लंडची शेवटची जोडी मैदानात, जिंकायला १७ धावा हव्या होत्या. दीप्ती शर्मानं चार्ली डीनला क्रीझबाहेर गाठलं आणि भारतानं मालिका ३-० अशी जिंकली. पण जिंकल्याचा आनंद बाजूलाच राहिला. आधी ताकीद दिली होती की नव्हती, यावरून दोन्ही संघांत जुंपली. वास्तविक अशी ताकीद द्यावी, असं कुठलाच नियम सांगत नाही.

उलट नियम करणाऱ्या एमसीसीनं त्याच वर्षी मार्च महिन्यात एक शहाणपणाचा बदल जाहीर केला होता. तोवर ही गोष्ट नियमावलीत 'अनुचित खेळ' या ४१व्या कलमाखाली होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून ती साध्या 'धावबाद'च्या ३८व्या कलमात गेली. म्हणजे कायद्यापुरता कलंक पुसला गेला.

मग खिलाडूपणाला काही अर्थच उरला नाही का? उरला आहे आणि तो समजून घ्यायला आपल्या वानखेडेवर जाऊ. फेब्रुवारी १९८०. क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत परतले होते. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. पण स्लिपमध्ये उभे असलेले आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना वाटलं, बॅट लागलीच नाही. त्यांनी पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि इयान बॉथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना १० गड्यांनी हरला!

१९८७च्या विश्वचषकात लाहोरला वेस्ट इंडिजच्या कोर्टनी वॉल्शनं शेवटच्या षटकात पाकिस्तानच्या सलीम जाफरला क्रीझबाहेर पाहिलं, पण बाद केलं नाही. पाकिस्तान एका गड्यानं जिंकला. वेस्ट इंडिजला उपांत्य फेरी गाठता आली नाही.

या दोघांना कुणी भाग पाडलं नव्हतं. त्यांनी आपल्या पदरचं दिलं, म्हणून तो खिलाडूपणा. पण क्रीझबाहेर पडून फुकटची दोन पावलं मिळवायची आणि पकडलं गेल्यावर 'खिलाडूपणा कुठे गेला?' म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं? खिलाडूपणा स्वतः दाखवायचा असतो, समोरच्याकडून वसूल करायचा नसतो.

जुलै २०२३ मध्ये लॉर्ड्सवर हे फार ठळक दिसलं. चेंडू सोडून क्रीझबाहेर गेलेल्या जॉनी बेअरस्टोला ऑस्ट्रेलियाच्या अॅलेक्स कॅरीनं नियमानुसार यष्टिचीत केलं. तेव्हा लंचला परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंना पॅव्हेलियनमध्येच अद्वातद्वा बोलणारे कोण होते? खेळभावनेचे धडे देणाऱ्या एमसीसीचेच सभासद! क्लबला माफी मागावी लागली, तिघा सभासदांना निलंबित करावं लागलं.

सुट्टीत सोसायटीच्या आवारात मुलं खेळतात, तेव्हा हाच तंटा गॅलरीपर्यंत येतो. अशा वेळी 'जाऊ दे रे, खेळ आहे' असं ज्याचं बरोबर आहे त्यालाच सांगून आपण मोकळे होतो. त्यापेक्षा पुढे सरकणाऱ्याला आधी क्रीझमध्ये थांबायला सांगावं. नियमानं बाद करणाऱ्या पोराला किंवा पोरीला 'चीटर' म्हणू देऊ नये. आणि एखाद्यानं आपणहून 'बॅट लागली नव्हती, खेळ तू' म्हटलं, तर तो हरून घरी आला तरी त्याची पाठ थोपटायला विसरू नये.