हौसेच्या बोटांना आकड्यांचा जाच

दिवसभराची कामे उरकली, मुले झोपली की खोलीचे दार लोटून घ्यायचे, पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवायचा आणि गिटारवर तेच गाणे पुन्हा वाजवायला घ्यायचे. पाचव्या खेपेला बोट घसरते, नवव्या खेपेला तार भरभरते, तेराव्या खेपेला खाली कुत्रे भुंकते. विसाव्या खेपेला गाणे एकदाचे पार पडते. तोवर मनगट ठणकू लागलेले असते. व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला जातो आणि पुढचा अर्धा तास गिटार कोपऱ्यात, नजर आकड्यांवर. किती जणांनी पाहिले, कितींना आवडले?

हौशी गिटारवादकाचा हा दिनक्रम आता अनेक घरांत ओळखीचा झाला आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या शिकणाऱ्यांची लाटच आली. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने त्या वर्षी विक्रमी विक्री केली. पण याच कंपनीच्या प्रमुखांनी त्याआधी सांगितलेला एक अंदाज विचार करायला लावणारा आहे. नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षभरातच ती सोडून देतात. हौस इतक्या लवकर का मावळते, याचे उत्तर ‘चिकाटी नाही’ एवढ्यात मिळत नाही. त्याचा काही भाग बोटांच्या कातडीत, काही मेंदूत आणि काही त्या टेकवलेल्या मोबाइलमध्ये आहे.

पहिला अडथळा अगदी साधा असतो, तो म्हणजे वेदना. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ७० किलोच्या घरात असतो. त्या तारा कोवळ्या बोटांनी फ्रेटवर दाबायच्या, तर टोके दुखणारच. काही आठवडे रोज थोडे थोडे वाजवले की तिथली कातडी जाड होते आणि दुखणे ओसरते. ही वेदना निरुपद्रवी आहे. मात्र दुकानातून आणलेल्या अनेक गिटारांच्या तारा फ्रेटबोर्डपासून गरजेपेक्षा उंच असतात आणि दाबायला दुप्पट जोर लागतो. जाणकाराकडून ती उंची कमी करून घेतली किंवा पातळ तारा लावल्या, तरी ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणणारे कित्येक हात पुन्हा चालू लागतील.

दुसरी समजूत वयाची. लहानपणी शिकले नाही तर संपले, असे मानले जाते. १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श नोंदवणारा मेंदूचा भाग या वादकांमध्ये इतरांपेक्षा मोठा आढळला. लहान वयात सुरुवात केलेल्यांमध्ये हा फरक अधिक होता, हे खरे. पण प्रौढ मेंदू नवी हालचाल शिकतच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. तो शिकतो, फक्त त्याला वेळ आणि विश्रांती लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग मांडला. बोटांनी कळा दाबण्याचा एक क्रम दहा सेकंद गिरवायचा आणि दहा सेकंद थांबायचे. सुरुवातीची बरीचशी सुधारणा गिरवताना नव्हे, तर त्या छोट्या थांब्यांनंतर दिसून आली. सलग विसाव्यांदा तेच गाणे रेटणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. मध्ये हात खाली सोडून बसणे हा आळस नसून शिकण्याचाच भाग आहे.

आता त्या मोबाइलकडे वळू. पाहणारे कोणी असले की माणूस चांगले वाजवतो की वाईट? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये याचे उत्तर दिले. जे अंगवळणी पडले आहे ते प्रेक्षकांसमोर अधिक चांगले होते, जे अजून कच्चे आहे ते बिघडते. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासले. उजेडापासून पळून अंधारात शिरायचा मार्ग सरळ होता, तेव्हा काचेपलीकडून इतर झुरळे ‘पाहत’ असताना झुरळ जलद धावले. मार्ग वळणाचा केला, तेव्हा त्याच प्रेक्षकांसमोर ते रेंगाळले.

कॅमेऱ्याचा लाल ठिपकाही प्रेक्षकच असतो. रेकॉर्डिंग सुरू झाले की एरवी जमणारी बार कॉर्ड नेमकी तेव्हाच का फसते, याचे कोडे इथे बरेचसे सुटते. ती अजून पुरती अंगवळणी पडलेली नसते. फसलेल्या सुराला ‘आपल्यात कलाच नाही’ असे समजणे म्हणजे वळणावर अडखळलेल्या झुरळाला पाय नाहीत म्हणण्यासारखे आहे.

वादन लोकांपुढे ठेवण्याची चांगली बाजूही नाकारता येत नाही. गावात शिक्षक नाही, घरात कोणाला आवड नाही, अशा शिकणाऱ्याला दूरवरचा एखादा अनोळखी हौशी वादक ‘तिसऱ्या बोटाचा कोन बदलून पाहा’ असे सांगतो आणि महिनाभर अडलेली गाठ सुटते. अमुक तारखेला एक गाणे ऐकवायचे ठरवले की सरावाला शिस्त येते. स्वतःचे रेकॉर्डिंग ऐकणे तर उत्तम शिक्षकच आहे. वाजवताना कानाला न जाणवलेली लय सरकल्याची चूक दुसऱ्या दिवशी ऐकताना लख्ख कळते.

पण रेकॉर्ड करणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गफलत इथेच होते. पहिल्यातून माहिती मिळते, दुसऱ्यातून निकाल. हा निकालही वादनाचा नसतो. व्हिडिओ कोणत्या वेळी टाकला, गाणे किती लोकप्रिय, चेहरा किती प्रसन्न, यावर आकडे हलतात. शिवाय तुलना ज्याच्याशी होते, त्या वादकाच्या फसलेल्या तीस खेपा कोणी पाहिलेल्या नसतात. या मापाने स्वतःला मोजणारा हळूहळू आवडते गाणे सोडून ‘चालणारे’ गाणे निवडतो, सोपे सोडून वेगवान वाजवू पाहतो आणि हात दुखला तरी थांबत नाही.

प्रश्न आरोग्याचा होतो तो इथे. बोटांची टोके दुखणे वेगळे आणि मनगट, अंगठ्याचे मूळ किंवा कोपर दुखणे वेगळे. मनगट फार वाकवून तासन्‌तास दाब दिला की स्नायूबंधांना सूज येऊ शकते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे ही मनगटातली नस दबल्याची खूण असू शकते. अशा वेळी ‘दुखल्याशिवाय हात तयार होत नाही’ हा सल्ला घातक ठरतो. वादन थांबवून डॉक्टरांना दाखवणे हाच शहाणपणा. अतिसरावाशी जोडला जाणारा आणखी एक विकार म्हणजे फोकल डिस्टोनिया. यात वेदना बहुधा नसते, पण वाजवायला घेतले की बोटे आपोआप आखडतात. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात याने कित्येक वर्षे मैफलीबाहेर ठेवला. अमेरिकी गिटारवादक बिली मॅकलॉफलिन यांना तर हातांची अदलाबदल करून गिटार नव्याने शिकावी लागली. हौशी वादकाच्या वाट्याला हे क्वचितच येते. तरी शरीराची तक्रार ऐकण्याची सवय दोघांनाही सारखीच लागते.

मग करायचे काय? एका बैठकीत दोन तासांपेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटे बरी, तीही मधे थांबत. अवघड जागा मेट्रोनोमवर इतकी हळू वाजवावी की चूक होणारच नाही. आठवड्यातून एकदा रेकॉर्डिंग करावे, पण ते स्वतःसाठी ठेवावे आणि महिन्यापूर्वीच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहावे. ही एकच तुलना न्याय्य आहे. लोकांना ऐकवायचेच तर गेल्या महिन्यात पक्के झालेले गाणे ऐकवावे, काल शिकलेले नव्हे. आणि शक्य असेल तेव्हा पडद्याऐवजी घरातल्या किंवा शेजारच्या चार जणांसमोर वाजवावे. चूक झाली तर ते हसतील, पण पुढचे गाणेही ऐकतील.

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मोल नसलेल्या गोष्टीला माप लावायची घाई झाली की ती हौस उरत नाही, बिनपगारी नोकरी होते. गिटार कोपऱ्यात धूळ खात पडण्यापेक्षा बंद मोबाइलसमोर थोडी बेसूर वाजलेली केव्हाही चांगली.