संगणकाशी गट्टी : म्हातारं पुस्तक

या आठवड्यात नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून साठ रुपयांना पायथनचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळेतल्या संगणकावर पहिलंच उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं, तर समोर लाल अक्षरांत चूक! पुन्हा केलं, पुन्हा चूक! ती लिहिते, 'मला हे जमणार नाही बहुतेक. नाद सोडून देऊ का?'

अगं, थांब थांब! चूक तुझी नाहीच. पुस्तक म्हातारं झालंय, एवढंच!

त्याचं असं आहे. पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच माणसानं १९९१ साली लोकांपुढे आणली. (नाव अजगरावरून नाही हं, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून!) २००८ साली तिची तिसरी आवृत्ती आली आणि काही नियम बदलले. पूर्वी 'प्रिंट' लिहून पुढे अवतरणचिन्हांत मजकूर लिहिला की भागायचं. आता मजकुराभोवती कंस हवाच. पूर्वी ७ ला २ ने भागलं की उत्तर ३ यायचं, आता साडेतीन येतं. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल तर २०२० च्या जानेवारीपासून बंदच झाली. तेव्हा मैत्रिणी, कंस घाल आणि पुन्हा चालवून बघ!

आता तुम्ही विचाराल, मुळात भाषा कोणती निवडायची? अगदी पहिल्यांदाच शिकणार असाल, तर 'स्क्रॅच' घ्या. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं ती २००७ साली मुलांसाठीच काढली. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की मांजर चालायला लागते! टाइप करायची तयारी असेल, तर पायथन. संगणकाच्या पोटात काय चालतं ते बघायचंय? मग 'सी'. ती डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून कितीतरी दादा-ताया ती शिकल्या. वेबपानं हलतीबोलती करायची असतील, तर जावास्क्रिप्ट. पण 'जावा' आणि 'जावास्क्रिप्ट' यांत घोटाळा नको. त्या दोघींचं नातं आंबा आणि आंबेहळदीइतकंच!

यातली कुठलीही एक घ्या. अटी, फेरे, चल हे सगळीकडे सारखेच असतात. एक भाषा नीट आली, की दुसरी लवकर येते. पण दर महिन्याला नवी भाषा धरलीत, तर मात्र धड ना हे, धड ना ते!

आणि पुस्तक? दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघा. एक, आतल्या पानावर साल कोणतं आणि भाषेची आवृत्ती कोणती? दोन, सुरुवातीचं एखादं पान वाचून कळतंय का? तीन, प्रत्येक धड्याखाली सोडवायला उदाहरणं आहेत का? पैसे नसतील, तरी अडत नाही. ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' हे इंग्रजी पुस्तक त्यांनी स्वतःच इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलंय.

फक्त वाचून मात्र काही होत नाही, बरं का! पोहण्याचं पुस्तक वाचून कुणी विहीर पार केलीय का? प्रत्येक उदाहरण स्वतःच्या हातानं टाइप करा. चाललं, की त्यातली एक गोष्ट मुद्दाम बदला आणि काय होतं ते बघा. लाल अक्षरं आली, तर घाबरू नका. संगणक रागावत नाही, कुठे अडलं तेवढं सांगतो.

आणि हो, ही घ्या या आठवड्याची कामगिरी : १ ते १०० मध्ये ७ ने भाग जाणाऱ्या संख्या किती, ते मोजणारा प्रोग्रॅम लिहा. आधी वहीत उत्तर काढा, मग संगणकाला विचारा. दोन्ही उत्तरं जुळली, की मला कळवा!

मग भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर कंस विसरू नका!