रिझाल यांच्या कोठडीतला कागद

फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष डॉ. होजे रिझाल यांना स्पॅनिश सरकारने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात गोळ्या घातल्या. वय ३५, पेशाने नेत्रवैद्य. आरोप बंडाचा; पण खरा राग त्यांच्या 'नोली मे तांगेरे' (१८८७) आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' (१८९१) या कादंबऱ्यांवर होता. मठांचे पाद्री रयतेची जमीन आणि डोके दोन्ही कसे ताब्यात ठेवतात, ते त्यांत उघडे पाडले होते. रिझाल यांचे घराणेच डोमिनिकन मठाचे कूळ. खंडाच्या वादात ते जमिनीवरून हुसकले गेले होते. आणि मारून झाल्यावर त्याच धर्मसत्तेने जाहीर केले की, आदल्या दिवशी कोठडीत रिझाल यांनी धर्मविरोधी लिखाण मागे घेतले व कॅथलिक म्हणून मरण पत्करले!

आम्ही पडलो वकील. कागद म्हटला की आम्ही आधी विचारणार, तो इतके दिवस होता कुठे? मजकूर वर्तमानपत्रांत लगेच छापला गेला, मूळ प्रत मात्र कुटुंबाला दाखवली नाही. ती सापडली १८ मे १९३५ रोजी, ३८ वर्षांनी, तीही आर्चबिशपांच्या दप्तरात. छापील मजकुरात आणि तिच्यात शब्दांचे फरक. रिकार्दो पास्कुआल यांनी तिला बनावट ठरवले, इतरांनी अस्सल. जेझुइट फादर बालागेर यांनी १९१७ साली शपथेवर सांगितले की, माघार आपणच घेववली. पण अलीकडे उजेडात आलेल्या स्पॅनिश पोलिसी टिपणात त्यांचे नावच नाही. रिझाल यांनी कागदावर सही केल्याची नोंद मात्र त्यात आहे, ती लपवणे आम्हाला शोभणार नाही.

आपल्या कायद्यात ३० वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर न्यायालय तो खरा मानू शकते. चर्चचा वकील हेच म्हणेल. पण मृत्युपत्राचा लाभ ज्याला, त्यानेच ते करवून घेतले असेल तर संशय फेडण्याचा भारही त्याच्यावरच पडतो. इथे लाभार्थी चर्च, साक्षीदार चर्चचे आणि कपाटही चर्चचेच!

बरे, सही खरी धरू. पोलिसांच्या कोठडीतला कबुलीजबाबही आपली न्यायालये ग्राह्य धरत नाहीत. मग बंदुका रोखलेल्या असताना रातोरात झालेल्या मतपरिवर्तनाला काय किंमत द्यायची? बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात घोषणा केली, २१ वर्षे अभ्यास केला आणि नागपुरात लाखोंसमोर धम्म स्वीकारला. धर्म असा बदलतात.

त्याच १९५६ साली रिझाल यांच्या दोन्ही कादंबऱ्या विद्यार्थ्यांना सक्तीने शिकवण्याचे विधेयक मनिलात आले, आणि विरोधाला उभे कोण राहिले? तिथले बिशप! माणूस अखेरीस तुमचाच झाला होता ना, मग त्याच्या पुस्तकांची एवढी धास्ती का? सिनेटर क्लारो रेक्तो झुंजले. धार्मिक कारणाने सवलत मागण्याची तडजोड करावी लागली, पण १२ जून १९५६ रोजी कायदा झाला. या कादंबऱ्यांच्या काटछाट न केलेल्या पुरेशा प्रती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ठेवणे त्याने बंधनकारक केले.